न्यूट्रल आणि अर्थिंगची गाठ: घरच्या डीबीतला चुकीचा जोड कसा शोधायचा, कसा सोडवायचा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरातून बोलावणं आलं होतं. काकूंची तक्रार एवढीच, "फ्रिजला ओला हात लागला की मुंग्या येतात ओ. आधीच्या वायरमननं अर्थिंग करून दिलंय, तरी येतात." फ्रिजचं सॉकेट उघडलं. वरच्या जाड भोकाच्या अर्थ टर्मिनलपासून न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या वायरच्या, टर्मिनलपर्यंत बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा घातलेला. हेच ते अर्थिंग!

असा तुकडा कोल्हापुरात किती घरांत आहे, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण जुन्या वाड्याचं किंवा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या बंगल्याचं वायरिंग उघडलं आणि तो सापडला नाही, तर मलाच चुकल्यासारखं वाटतं. कधी तो सॉकेटमध्ये असतो, कधी डीबीत, म्हणजे घराच्या वितरण डब्यात, न्यूट्रल लिंक आणि अर्थ बार या दोन पट्ट्यांच्या मध्ये. कारणही ठरलेलं असतं. यूपीएसवर 'वायरिंग फॉल्ट'चा दिवा लागत होता किंवा मशीनची बॉडी टेस्टरला दिवा दाखवत होती. लूप (हाच तुकडा) मारला, दिवा विझला, पैसे मिळाले.

हा जोड काढायला पाच मिनिटं पुरतात. पण चुकीच्या क्रमानं काढला तर घर आधीपेक्षा धोक्यात येतं. म्हणून क्रम आधी सांगतो: पहिल्यांदा खरं अर्थिंग, मग जोड सोडवणं, मग आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). खालचं सगळं या क्रमानं आहे.

आणि एक स्पष्टच. डीबीचं झाकण काढण्यापासूनचं काम परवानाधारक वायरमनचं. घरमालकानं हा लेख वाचायचा तो वायरमन काय करतोय ते कळावं, आणि त्यानं काय करायला पाहिजे ते सांगता यावं म्हणून. मीटर, त्याचं सील आणि पोलपासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर महावितरणची. तिथे वायरमननंही हात घालायचा नाही.

गाठ कुठे असते, कुठे नसावी

न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतोच, पण तो ट्रान्सफॉर्मरपाशी. ते काम वीज कंपनीचं. तिथून पोलवरून फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल आपल्या घरात येतात. आपल्या घराचं अर्थिंग म्हणजे अंगणातल्या खड्ड्यातून येणारी स्वतंत्र वायर. मीटरपासून शेवटच्या सॉकेटपर्यंत न्यूट्रल आणि अर्थ यांनी एकमेकांना कुठेही भेटायचं नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण हल्ली लोक यूट्यूबवर अमेरिकन इलेक्ट्रिशियनचे व्हिडिओ बघून येतात. तिकडे घराच्या मुख्य पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडावेच लागतात, त्यासाठी वेगळा स्क्रू किंवा पट्टी असते, आणि पुढच्या सब-पॅनलमध्ये ते वेगळे ठेवतात. त्यांची १२०/२४० व्होल्टची पद्धत वेगळी, नियम वेगळे. शाहूपुरीतल्या एका गृहस्थांनी मला मोबाईल दाखवून विचारलं होतं, "तुम्ही ही पट्टी टाकायला विसरला काय?" नाही, विसरलो नव्हतो.

आता हा जोड घातक का, तर न्यूट्रल तुटतो म्हणून. आपल्याकडच्या पावसात पोलवरचा जंपर (जोडवायर) गंजतो, मीटरजवळच्या कटआउटमधला (फ्यूजच्या डब्यातला) स्क्रू ढिला होतो, अॅल्युमिनियमची वायर मोडते. समजा डीबीत न्यूट्रल-अर्थ जोड आहे, आणि पोलवर न्यूट्रल सुटला. घरात २ किलोवॅटचा गिझर चालू आहे, त्याचा रोध साधारण २६ ओहम. प्रवाहाला परतीची वाट राहिली ती जोडातून खड्ड्याकडे. खड्डा वाळलेला, २० ओहमचा. ट्रान्सफॉर्मरकडचं अर्थिंग २ ओहम धरा. प्रवाह होतो पावणेपाच अँपिअर, आणि घराच्या अर्थ बारवर चढतात सुमारे ९५ व्होल्ट. अर्थ बारवर म्हणजे फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सरचा स्टँड, मोटरची बॉडी, सगळीकडे. कुठलंही मशीन बिघडलेलं नाही, तरी सगळी 'लाइव्ह'.

आणि आरसीसीबी? जोड तिच्या अलीकडे, म्हणजे मीटरच्या बाजूला असेल तर ती गप्प राहते. ती फक्त फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून आलेला प्रवाह वजा करून बघते. इथे दोन्ही सारखेच असतात. गडबड तिच्या पाठीमागे चाललेली.

सॉकेटमधल्या लूपची तऱ्हा त्याहून वाईट. त्या सॉकेटकडे येणारा न्यूट्रल नुसता ढिला झाला, तर मशीन चालू करताच तिच्या बॉडीवर जवळपास पूर्ण २३० व्होल्ट येतात. कुणी बोर्ड बदलताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली, तर मशीन चालूही करायला नको.

झाकण न उघडता काय कळतं

तीन पिनांचा दिवेवाला सॉकेट टेस्टर न्यूट्रल आणि अर्थ एकत्र आहेत की नाहीत हे सांगू शकत नाही. त्याचे 'सगळं ठीक'चे दिवे लागले म्हणून निवांत होऊ नका. मल्टिमीटर लागतो.

सॉकेटवर तीन मापं घ्यायची. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थही जवळपास तेवढंच. तिसरं, न्यूट्रल-अर्थ, हे खरं बोलणारं माप. त्याच सॉकेटवर मल्टिप्लग लावून हजार वॅटची इस्त्री चालू करा आणि मग मोजा. वायरमधून प्रवाह गेला की न्यूट्रलवर थोडा तरी व्होल्टेज ड्रॉप येणारच. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवर डीबीपासून १५ मीटरवर अर्धा व्होल्ट तरी दिसायला पाहिजे. पोलकडून येणाऱ्या लाइनचा ड्रॉप धरून एक ते तीन व्होल्ट दिसणं नेहमीचं. इस्त्री चालू असून मीटर ०.० वर चिकटून बसला, तर त्या सॉकेटमध्ये किंवा अगदी जवळ लूप आहे असं समजा. उलट २०, ४०, ६० असे नाचणारे आकडे आले तर बहुतेक अर्थ वायर कुठेच जोडलेली नाही.

दुसरं माप क्लॅम्प मीटरचं (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारा मीटर), हे वायरमन करील. डीबीतून खड्ड्याकडे जाणाऱ्या मुख्य अर्थ वायरला क्लॅम्प लावायचा आणि गिझर चालू-बंद करायचा. गिझरबरोबर आकडा वरखाली झाला, तर न्यूट्रलचा प्रवाह अर्थमधून चाललाय. साध्या क्लॅम्पला ०.१ अँपिअरखालचं नीट दिसत नाही, लीकेज क्लॅम्प असला तर उत्तम. शून्य दिसलं म्हणून सुटलो असंही नाही: खड्डाच मेलेला असेल तर प्रवाह जाणार कुठून?

तिसरी खूण घरच्यांनाच माहीत असते. "आरसीसीबी सारखी पडत होती म्हणून काढून टाकली." हे वाक्य ऐकलं की मी जोड शोधायलाच सुरुवात करतो. आरसीसीबीच्या पलीकडे न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकला असेल, तर लोड चालू झाला की थोडा प्रवाह अर्थमधून निसटतो आणि ती पडते. ती बरोबर असते. शिक्षा तिलाच होते.

बंद म्हणजे नक्की काय काय बंद

मीटरनंतरचा मेन स्विच बंद. तो डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आहे का ते बघा. जुन्या घरात मेनवर किटकॅट फ्यूज असतात, आणि फ्यूज काढला तरी न्यूट्रल पोलपर्यंत जोडलेलाच राहतो.

इन्व्हर्टर बंद, आणि त्याची आउटपुटची पिन सॉकेटमधून बाहेर. नुसतं त्याचं बटण दाबून भागत नाही. मेन बंद केल्यावर डीबीत फेज जिवंत ठेवणारा इन्व्हर्टर मी स्वतः अनुभवलाय, नंतर दोन दिवस कोपर दुखत होतं. छतावर सोलर असेल तर त्याचा एसी आयसोलेटरही खाली.

मग टेस्टर आधी चालू जागेवर तपासायचा, मग बंद केलेल्या जागेवर, आणि परत चालू जागेवर. टेस्टरचाच दिवा गेलेला असेल तर सगळं 'बंद'च दिसतं.

थ्री फेज कनेक्शन असलेल्या बंगल्यात आणखी एक जपायचं. एमसीबी (जादा प्रवाह झाला की पडणारे सर्किटांचे स्विच) चालू असताना न्यूट्रल लिंकचा मुख्य स्क्रू चुकूनही सोडायचा नाही. न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले ४०० च्या वरचे व्होल्ट घरातल्या लोडवर वाटले जातात. हलका लोड असलेल्या फेजवरचा टीव्ही, राऊटर, फ्रिजचं कार्ड क्षणात जातं.

गाठ शोधणं

झाकण काढल्यावर पहिलं काम मोबाईलवर फोटो, जवळून आणि लांबून. मग बघायचं काय, तर दोन पट्ट्या. न्यूट्रल लिंक प्लॅस्टिकच्या आधारावर बसलेली असते, डब्याच्या पत्र्याला टेकत नाही. अर्थ बार सरळ पत्र्यावर स्क्रूनं आवळलेला असतो. न्यूट्रलच्या काळ्या वायरी लिंकवर, हिरव्या अर्थ बारवर. नव्या डीबीत हे स्वच्छ दिसतं. जुन्यात सगळ्याच वायरी काळ्या पडलेल्या, आणि कारागिरानं जी हाताला लागली ती वापरलेली. अशा वेळी रंगावर विश्वास न ठेवता लांब वायर घेऊन सॉकेटपासून डीबीपर्यंत एकेक वायर मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीनं (दोन टोकं जोडलेली आहेत का ते दाखवणारं माप) ओळखायची. वेळ जातो, पण पर्याय नाही.

लिंक आणि बारच्या मधली पट्टी किंवा तुकडा डोळ्यांनाच दिसला तर प्रश्न सोपा. नाही दिसला तर पुढचं.

घरातल्या सगळ्या पिना काढा. बाहेरून येणारा न्यूट्रल लिंकवरून सोडा. हे विसरलं तर ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगमधून फिरून मीटर काही ओहम दाखवत राहतो आणि तुम्ही दिवसभर नसलेला जोड शोधत बसता. मग लिंक आणि अर्थ बारमध्ये रोध मोजा. मल्टिमीटरनं काहीच दाखवायला नको. दोन-चार ओहम दिसले तर जोड आहे.

आता लिंकवरचे न्यूट्रल एकेक काढत जायचं, प्रत्येकाला एमसीबीच्या नंबरची चिठ्ठी चिकटवत. ज्या वायरीबरोबर मीटरवरचे ओहम गायब होतात, ती आजारी. सर्किटं जास्त असली तर अर्धी एकदम काढा. दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते कळतं. पुष्कळ जण एकेक एमसीबी पाडून दोष शोधतात आणि फसतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तसाच जोडलेला असतो, त्यामुळे दोषी सर्किटचा एमसीबी खाली असतानाही दुसऱ्या सर्किटच्या प्रवाहानं आरसीसीबी पडते.

सर्किट सापडलं की त्यावरचे बोर्ड उघडत जायचं. निम्म्या वेळा सॉकेटमधला लूप निघतो. बाकी वेळा पत्र्याच्या बॉक्सच्या कडेला सोललेला न्यूट्रल, स्क्रूखाली चिरडलेली वायर, किंवा बाथरूमच्या भिंतीत ओल धरलेला कंड्युट (वायरींचा पाइप). मल्टिमीटरला न दिसणारी अशी ओल शोधायला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लागतो; रोध १ मेगओहमच्या वर हवा. मेगर लावायच्या आधी एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, बेल, सगळं सुटं करा, नाहीतर तेच जळतील.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी आलं, त्या कुंभार गल्ली, सुतारवाडा भागातल्या डीबींचा प्रकार अजून वेगळा. वरून पुसून स्वच्छ केलेल्या, पण लिंकच्या प्लॅस्टिक आधारामागे गाळाचा थर. हवा कोरडी असली की काही नाही, पावसाळी हवेत तोच गाळ न्यूट्रल आणि पत्र्यामध्ये गळती करतो. पाण्यात बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी वाळवून परत वापरायचा नसतो. फेकायचा.

आधी अर्थिंग

जोड सापडला. हात शिवशिवतात, तोडावासा वाटतो. थांबा.

काकूंच्या घरात तो काळा तुकडा का घातला होता, याचा माग काढला. जुन्या काळी अर्थिंगची वायर नळाच्या जीआय पाइपला क्लॅम्पनं बांधलेली. मधे कधीतरी नळाचं कनेक्शन नवं झालं, प्लॅस्टिकचा पाइप आला, आणि घराचं अर्थिंग त्या दिवशी संपलं. कुणाला पत्ता नाही. मशीनच्या बॉडीवर टेस्टर लागायला लागला, मग आला लूप. म्हणजे त्या घरात तो चुकीचा जोड हेच काय ते उरलेलं अर्थिंग होतं. नुसता तोडला असता, तर मशीनमधला फेज बॉडीला टेकल्यावर फ्यूज उडण्याचीही शक्यता गेली असती.

म्हणून आधी खड्डा तपासा. बऱ्याच जुन्या वायरमनची पद्धत म्हणजे फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा, चांगला पेटला की "अर्थिंग फर्स्ट क्लास". बल्बचा रोध ५२९ ओहम. खड्डा ५० ओहमचा असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. त्या परीक्षेत कोण नापास होणार? खड्डा मोजायला अर्थ टेस्टर लागतो, दोन खुंट्या लांब ठोकून. घरासाठी ५ ओहम किंवा खाली हे ध्येय धरा, आणि माप एप्रिल-मेमध्ये घ्या. जुलैत कुठलाही खड्डा गुणी असतो.

नवा खड्डा घ्यायचा तर आयएस ३०४३ या भारतीय मानकात मापं दिली आहेत: किमान अडीच मीटर लांबीचा, साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय पाइप, किंवा ६०० बाय ६०० मिलिमीटरची प्लेट. भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. पंचगंगेच्या, रंकाळ्याच्या बाजूला काळी ओली माती लागते, काम सोपं. उंच भागातल्या कॉलन्यांत चार फुटांवर मुरूम नाहीतर कातळ लागतो. तिथे एक खोल खड्डा अडून बसला, तर पाइपाच्या लांबीएवढं अंतर ठेवून दुसरा घ्या आणि दोन्ही जोडा. कोळसा-मीठ चालतं, पण मीठ पाइप खातं. तयार अर्थिंग कंपाउंड टिकतं जास्त. वर चेंबर ठेवा, झाकण उचलता येईल असं. फरशीखाली गाडलेला खड्डा परत कुणी बघत नाही.

खड्ड्यापासून अर्थ बारपर्यंतची वायर मुख्य फेजच्याच जाडीची ठेवा. टोकाला लग (धातूचं टोपण) दाबून, नटबोल्टनं. पिळून टेप मारलेला सांधा चालणार नाही.

फ्लॅटमध्ये हे तुमच्या हातात नसतं. खड्डा सोसायटीचा, पट्टी मीटर रूममधून वर आलेली. तिथे सोसायटीकडून मापाचा कागद मागा, आणि तुमच्या मजल्यावर ती पट्टी खरोखर डीबीपर्यंत आली आहे का ते बघा.

मग सोडवणं

खड्डा जिवंत झाला, सॉकेटांपर्यंत हिरवी वायर पोचली, की लूप काढा. सॉकेटमधले सगळे, एक सापडला म्हणजे दुसरा असणारच, कारण कारागीर तोच होता. अर्थ वायर नसलेल्या जुन्या सॉकेटला पाइपमधून नवी वायर ओढावी लागते. ओढता येतच नसेल तर तिथे फ्रिज, मशीन लावायचं नाही, ते सॉकेट दोन पिनांचं करून टाका.

डीबीतली पट्टी काढा. लिंकवर बसलेल्या हिरव्या वायरी अर्थ बारवर, बारवर बसलेल्या काळ्या लिंकवर. एका स्क्रूखाली एकच न्यूट्रल. एमसीबी ३ चा न्यूट्रल लिंकच्या ३ नंबरच्या भोकात, म्हणजे पुढच्या माणसाला शिव्या घालाव्या लागणार नाहीत. वायरचं टोक जळून काळं पडलं असेल तर तेवढं कापून नव्यानं सोला, स्क्रू पूर्ण आवळा, आणि वायर ओढून बघा.

आता बाहेरचा न्यूट्रल न जोडता परत लिंक-बार रोध मोजा. काही ओहम दाखवत असेल तर अजून एक गाठ शिल्लक आहे.

आरसीसीबी आणि परत चालू

चांगलं अर्थिंग झालं, आता आरसीसीबी कशाला, असं लोक विचारतात. हिशोब बघा. खड्डा ५ ओहम, ट्रान्सफॉर्मरचा २. गिझरचा फेज बॉडीला टेकला तर प्रवाह साधारण ३३ अँपिअर. १६ अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तो तापून पडेल, पण वेळ घेईल, आणि तोवर बॉडीवर दीडशेच्या वर व्होल्ट. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेच काम सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत करते. तिची अँपिअर क्षमता मेन एमसीबीएवढी किंवा जास्त घ्या. सिंगल फेजला डबल पोल, थ्री फेजला चार पोल. तिच्यातून बाहेर पडलेला न्यूट्रल फक्त तिच्याच लिंकवर जायला हवा. दोन आरसीसीबी असतील तर दोन वेगळ्या लिंक. इन्व्हर्टरच्या सर्किटांचे न्यूट्रलही तसेच वेगळे. जिन्यातल्या टू-वे दिव्याला खालच्या मजल्याचा फेज आणि वरच्याचा न्यूट्रल घेतलेला असेल, तर दिवा लावताच ती पडेल. तिथे वायर बदला, आरसीसीबी नव्हे.

चालू करताना सगळे एमसीबी खाली ठेवून मेन वर करा, मग आरसीसीबी, मग एकेक एमसीबी. टेस्टचं बटण दाबा, पडली पाहिजे. हे महिन्यातून एकदा घरच्यांनीच करायचं. गिझर किंवा हीटर चालू केल्यावर एखादी पडली तर हीटरचा एलिमेंट सुटा करून बघा, जुना एलिमेंट आतून बॉडीला गळतो.

परत न्यूट्रल-अर्थ मोजा. सगळे लोड बंद असताना आणि मीटरच्या बाजूला मोजूनही तो आकडा सतत मोठा येत असेल, किंवा दिवे मधेच फार प्रखर, मधेच मंद होत असतील, तर दोष लाइनच्या न्यूट्रलचा असू शकतो. मेन बंद करा आणि १९१२ ला फोन. पोलवर कुणाला चढवू नका.

काकूंच्या डीबीच्या झाकणाच्या आत मी एक कागद चिकटवून ठेवलाय: तारीख, खड्डा ३.८ ओहम, न्यूट्रल-अर्थ इस्त्रीवर १.४ व्होल्ट, आरसीसीबी ठीक. खाली दुसरी ओळ मोकळी आहे, पुढच्या मे महिन्यासाठी.